काका बोलले ते अर्धंच खरं

पुता,

चवथीला गणपतीच्या माटोळीखाली बसून काका म्हणाले, "आमच्या टॅक्सवर डॉक्टरकी शिकता तुम्ही लोक", आणि तू ताटातले मोदक तसेच ठेवून उठलास, ते मला अजून टोचतंय. पाहुण्यांसमोर मी काही बोलले नाही, म्हणून आता लिहिते. काका खोटं बोलले नाहीत रे, पण अर्धंच बोलले.

तीस वर्षं मी सरकारी वॉर्डात सिस्टर होते. सत्तरी तालुक्यातले एक आजोबा अ‍ॅडमिट होते, पोटातली प्लीहा एवढी वाढलेली की कुणीही हात ठेवला तर हाताला लागायची. मेडिकलची पोरं रांगेने तपासत होती, सातव्या पोराने हात ठेवला तसे आजोबा म्हणाले, "हात थंड रे तुजो." त्यांना शिकवणारे डॉक्टर सर तिथेच थांबले, त्या पोराचे दोन्ही हात आपल्या हातात धरून चोळले, त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, पोटाकडे नको बघू, तोंडाकडे बघ, दुखलं तर आधी तिथे दिसेल. वीस मिनिटं गेली. बाहेर ओपीडीची लाइन वाढतच होती, राऊंड लांबला, नातेवाइकांची बोलणी मी खाल्ली. पेशंट किती, ऑपरेशनं किती, सगळं रजिस्टरात लिहितात, ही वीस मिनिटं कुठेच लिहिलेली नसतात.

टॅक्सचे पैसे खरे लागतात ते इथे. प्रायव्हेट क्लिनिकात तेवढ्या वेळात चार पेशंट होतात, मग तिथला डॉक्टर कशाला थांबेल? सरकारने पगार दिला म्हणून सर थांबू शकले. इंग्लंडमध्ये तर १९७६ पासून शिकवणाऱ्या हॉस्पिटलांना यासाठी वेगळा निधी द्यायला लागले, सिफ्ट म्हणायचे त्याला, कारण विद्यार्थी असले की काम सावकाश होतं आणि खर्च वाढतो हे त्यांनी हिशोबात धरलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ५,०२३ एमबीबीएस आणि ५,००० पीजी सीट वाढवायची स्कीम मंजूर केली, सीटमागे दीड कोटीची लिमिट. डॉक्टर वाढायलाच हवेत, त्यात वाद नाही, पण खाटेभोवती आठाचे सोळा झाले आणि शिकवणारा एकच राहिला तर त्या आजोबांचं पोट किती वेळा दाबणार रे? शिकवायच्या वेळेलाही पैसा हवा, जास्त माणसं हवीत, आणि पोरांच्या परीक्षेत तपासायला बोलावतात त्या पेशंटला निदान येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण तरी मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कारण काका टॅक्स देतात, आजोबांनी अंग दिलं. पणजीत १८४२ साली मेडिकल शाळा सुरू झाली, तिचंच १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज झालं, आणि तेव्हापासून आजपर्यंत कितीजणांनी असं अंग पुढे केलं असेल, त्यांची नावं कुठल्या भिंतीवर लागत नाहीत.

तेव्हा काका परत म्हणाले तर उठून जाऊ नकोस. हो म्हण, आणि त्या वीस मिनिटांचं सांग त्यांना, ते ऐकतील, माणूस वाईट नाही.

मंडूरच्या ग्रामीण आरोग्य सेंटरवर पोस्टिंग लागली की कळव, छत्री आणि सुका खाऊ पाठवते. लहानपणापासून तुझेही हात गार पडतात, वॉर्डात शिरायच्या आधी चोळून घेत जा.

आई