आईच्या शंकेबद्दल

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर आवाज खाली आणून तू विचारलेस, की अकराव्या वर्षी पाळी आली आणि पंचावन्नाव्या वर्षी गेली म्हणून आपल्याला स्तनाचा कर्करोग होईल का. मी 'काही होत नाही' म्हणून विषय टाळला, ते बरोबर झाले नाही. बाबा, तुम्हीही वाचावे म्हणून दोघांच्या नावे लिहीत आहे.

शंका निराधार नाही. कॅलेंडरवर तारखेखाली तू पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचीस आणि त्याआधीचे काही दिवस छाती इतकी जड होऊन दुखायची, की मी बिलगले तरी तू मागे सरायचीस. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) प्रभावाने स्तनातील पेशींचे विभाजन वाढते. गर्भ राहिलाच तर म्हणून शरीराने केलेली ही तयारी असते. तो राहिला नाही, की ती ओसरते. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल होताना चूक राहून जाण्याची थोडी शक्यता असते. म्हणून असे महिने आयुष्यात जितके जास्त, तितका धोका थोडा अधिक.

हे 'थोडा' किती, तेच महत्त्वाचे आहे. ११७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१२ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार पाळी एक वर्ष लवकर आल्यास धोका सुमारे ५ टक्क्यांनी आणि एक वर्ष उशिरा गेल्यास सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरात पाच जणी वाढतात असा नाही. हजारात पन्नास जणींना हा आजार होणार असेल, तर ५ टक्के वाढीने तो आकडा साडेबावन्न होईल. शिवाय दादाचे आणि माझे बाळंतपण, आणि आम्हा दोघांना तू दीर्घकाळ अंगावर पाजलेस, या गोष्टी धोका कमी करणाऱ्या आहेत. पाळीची वये तुझ्या हातात कधीच नव्हती, तेव्हा स्वतःला बोल लावू नकोस.

तू पुढे ढकलत आलेली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाची क्ष-किरण तपासणी, मात्र हातातली आहे. स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबला जातो, त्या वेळी दुखते, पण ते लवकर आटोपते. दरम्यान गाठ, त्वचेवर खळी किंवा स्तनाग्र आत ओढलेले दिसले, तर दुखत नाही म्हणून थांबू नकोस. अशी गाठ बहुधा दुखत नाहीच.

बाबा, तपासणीची वेळ तुम्ही घेऊन ठेवावी, मी बरोबर येईन. पाळी आल्या-गेल्याची वये कागदावर लिहून द्या. डॉक्टर ती विचारतील आणि आई तिथे संकोचेल.

तुमची,
लेक