विमानाआधी मार्गदर्शक हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरहून पुण्याला गंभीर रुग्ण न्यायचा म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता, त्यामुळे होटगी रस्त्यावरील विमानतळावरून हवाई रुग्णवाहिका मिळावी ही मागणी रास्तच आहे. मात्र चर्चा होते ती विमानाची आणि भाड्याची, आत बसणाऱ्या डॉक्टरला कोण घडवणार याची नव्हे. ब्रिटनमध्ये ही सेवा बहुतांशी देणग्यांवर चालणाऱ्या धर्मादाय संस्था देतात, लंडनमध्ये तर १९८९ पासून; तेथे नवा डॉक्टर आधी अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो आणि हाताळलेल्या रुग्णांबाबतच्या निर्णयांची नंतर एकत्र बसून चिकित्सा होते. उंचीवर हवेचा दाब घटला की फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा प्रसरण पावते, म्हणून अशा रुग्णाच्या छातीत ती हवा काढणारी नळी बहुधा उड्डाणापूर्वीच घालावी लागते. शिवाय इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोप जवळजवळ निरुपयोगी ठरतो. हे पुस्तकातून कळते, पण (भूलतज्ज्ञ म्हणून उमेदीची वर्षे घालवल्यावर लिहितो) हाताला वळण लागते ते शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठामुळेच. विमान येईल तेव्हा येवो. तोवर १०८ रुग्णवाहिकांवरील तरुण डॉक्टरांसाठी शहरातील निवृत्त तज्ज्ञांनी आठवड्यातून एक दुपार द्यावी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने त्यासाठी एखादी खोली उपलब्ध करून द्यावी. त्या यादीत माझे नाव आजच घालावे.

– एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सोलापूर