व्हॅनमधल्या कूलरचं गणित समजावणाऱ्या ताईंना थँक्यू

ताई, तुमचं नाव लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये, पण वाचलंत की कळेलच तुम्हाला कोणाबद्दल चाललंय ते. आम्ही व्हॅनमध्ये राहायला लागल्यापासून उन्हाळ्याबद्दल खरंच कामाचं कोणी सांगितलं असेल तर ते तुम्हीच, आणि हे मला सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.

बाकीचे सगळे हा कूलर घे, तो घेऊ नको एवढंच सांगायचे. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात की आतली हवा बाहेर कुठून जाणार? सगळं त्यातच आलं. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, १ लिटर पाणी उडालं की साधारण ०.६७ युनिट विजेएवढी, म्हणजे खूपच, पण ते पाणी गायब थोडीच होतं, ते हवेतच राहतं, आणि व्हॅनच्या एवढ्याशा जागेत सगळं बंद असलं की थोड्याच वेळात हवा दमट होते, पॅडवरचं पाणी उडेनासं होतं आणि उरतो नुसता चिकचिकाट. म्हणून कूलरच्या मागून बाहेरची कोरडी हवा आत आणि व्हॅनच्या दुसऱ्या टोकाला छतावरचा पंखा एक्झॉस्टवर. तुम्ही स्वतः खिडकीच्या फटीशी टिश्यू पेपर धरून दाखवलंत हवा कुठून कुठे चाललीये ते.

आणि तो थर्मामीटर! टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलात, आकडा उतरत उतरत एका जागी थांबला आणि तुम्ही म्हणालात, "याच्या खाली कुठलाच कूलर जाणार नाही, कितीही महागाचा आण." बाहेर ४० डिग्री आणि ह्युमिडिटी २० टक्के असेल तर तो आकडा २२-२३ च्या आसपास येतो आणि चांगल्या पॅडमधून २६-२७ ची हवा मिळते. तेच ३५ डिग्री आणि ७० टक्के असलं तर तो ३० वरच अडकतो, तिथे पंप बंद करून नुसता पंखा लावलेला बरा. आता कुठेही गाडी लावली की आधी ओलं फडकं निघतं, मग ठरतं इथे थांबायचं का अजून पुढे कोरड्या भागात जायचं. मला तर वाटतं व्हॅनवाल्या प्रत्येकाने कूलर घ्यायच्या आधी हे करून बघावं.

बर्फाचंही तसंच, १ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो त्याच्या सातपट १ किलो पाणी वाफ होताना ओढतं, त्यामुळे टाकीत बर्फ टाकायची धडपड आम्ही करतच नाही.

पण सगळ्यात जास्त आभार रात्रीच्या गोष्टींसाठी. हिला दम्याचा त्रास आहे, बुरशीचा नुसता वास आला तरी छाती भरते. दोन माणसं झोपेत श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात, आत स्वयंपाक केला तर १ किलो गॅस जळून दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, त्यात दिवसभर कूलरचं, आणि पहाटे पत्रा गार पडला की हे सगळं पत्र्यावर आणि गादीच्या खालच्या बाजूला जमतं. तुम्ही सांगितलंत तसं आम्ही झोपायच्या अर्धा तास आधी पंप बंद करून पंखा चालू ठेवतो, पॅड सुकतं, कुबट वास येत नाही. गादीखाली फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवलीये, आणि हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजतो तो) ६० टक्क्यांच्या वर राहिला तर बाहेर गार असो नसो, छताची झडप उघडतो. हिचा पंप हल्ली रात्रीचा लागतच नाही, औषधाचा म्हणतोय मी, कूलरचा नाही.

तुम्ही भर दुपारी, स्वतःचं काम बाजूला ठेवून, अनोळखी माणसांच्या व्हॅनमध्ये गुडघ्यांवर बसून गादी उचलून बघितलीत, वर पैशाचं नावही काढू दिलं नाहीत. हिनेही तुम्हाला खूप थँक्यू सांगितलंय. पॅडवर आता पांढरे क्षार धरायला लागलेत, टाकीचं पाणी पूर्ण काढून नवीन भरतोय मधून मधून, तरी नवीन पॅड घ्यायच्या आधी तुम्हाला एक फोन करीन, उचला नक्की.