मुक्तास पत्र: फिरत्या कड्यातला मणी

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा तू मध्येच फोन ठेवलास. लगेच परत लावला असता तर आपण तेच पुन्हा बोललो असतो, म्हणून कागद घेतला. मार्कांबद्दल यात एक अक्षर नसेल. क्लासिकल मेकॅनिक्सच्या मिडसेमला कमी पडले, पडले. एंडसेम अजून व्हायची आहे. जेवतेस ना वेळेवर? मेसच्या पोळ्यांचं आजीला सांगितलं, तिने मेतकूट करून ठेवलंय. शनिवारी बाबा घेऊन येतील.

तू पाठवलेला पेपर मी छापून घेतला आणि तिसरा प्रश्न सोडवायला बसले. अकरावी-बारावीला शिकवताना लॅग्रान्जियनची, म्हणजे ऊर्जेवरून गतीचं समीकरण काढायची रीत कुठे लागते, पण दोन ओळी लिहिल्यावर हात आपोआप चालायला लागला. उभ्या व्यासाभोवती फिरणारं कडं आणि त्यात ओवलेला, घर्षणाशिवाय सरकणारा मणी. तुझ्या वहीत हेच गणित आहे, फोटो तूच पाठवला होतास. फक्त वहीतलं कडं मोटारीने फिरतं, त्याचा वेग ठरलेला. पेपरात सरांनी मोटार काढून घेतली आणि कडं मोकळं सोडलं. तू मोटारीचंच समीकरण लिहून आलीस. "आई, हेच गणित मी केलं होतं गं," असं तू रडत म्हणालीस. "केलं होतंस, की उतरवलं होतंस?" एवढंच मी विचारलं.

तो प्रश्न आता पुन्हा विचारत नाही. त्याऐवजी गणिताबद्दलच लिहिते.

मोटारीचं कडं आधी घे. तळापासून मण्याचा कोन थीटा, कड्याचा फिरण्याचा वेग ओमेगा, त्रिज्या आर आणि गुरुत्वत्वरण जी धरलं तर मण्याचं कोनीय त्वरण मिळतं साइन थीटा गुणिले एक कंस, आणि कंसात ओमेगा वर्ग कॉस थीटा, वजा जी भागिले आर. इथपर्यंत स्क्रीनवर कुठेही मिळेल. पुढे तू ओमेगा शून्य करून बघितलास का? केलास तर साधा लंबक उरतो, लांबी आर. समीकरण चुकलेलं नाही याची ती पहिली खूण. मग आकडे घाल. आर २० सेंटिमीटर, जी ९.८. सेकंदाला ७ रेडियनपर्यंत, म्हणजे मिनिटाला साधारण ६७ फेऱ्यांपर्यंत, मणी तळाशी सुखाने बसतो. त्यापुढे वेग गेला की तळ अस्थिर होतो आणि मणी वर चढतो. वेग दुप्पट, १४ रेडियन केला तर तो साधारण ७५.५ अंशांवर स्थिरावतो. आणि कडं कितीही जोरात फिरव, ९० अंशांवर तो कधीच पोचत नाही. का, ते मी लिहिणार नाही.

बाबा मागून डोकावले आणि आकृती बघून म्हणाले, "हा तर गव्हर्नर." उद्यमनगरात जन्म गेला त्यांचा, त्यांना सगळीकडे इंजिनच दिसतं असं मी म्हणणार होते, पण त्यांचं बरोबर होतं. इंजिनाचा वेग वाढला की तो आवरणाऱ्या या गव्हर्नरची वजनं बाहेर फेकली जातात आणि डिझेल कमी होतं. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला तसाच गव्हर्नर लावला होता. १८६८ मध्ये तर मॅक्सवेलने गव्हर्नरांवर शोधनिबंध लिहिला, तोच मॅक्सवेल ज्याची समीकरणं तुला पुढच्या सेमिस्टरला आहेत. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूष झाले की जेवताना आजीला पुन्हा सगळं ऐकवलं.

आता मोटार काय करते ते बघ. मणी वरखाली होत असतानाही कड्याचा वेग ढळू द्यायचा नाही, तर मोटारीला सतत काम करावं लागतं. म्हणून तिथे मण्याची एकूण ऊर्जा कायम राहत नाही. मोकळ्या कड्यात कडं आणि मणी मिळून ऊर्जा कायम, उभ्या अक्षाभोवतीचा अँग्युलर मोमेंटम (कोनीय संवेग) कायम, आणि बदलतो तो ओमेगा. मणी वर सरकला की अक्षापासून दूर जातो, कडं मंदावतं. वहीतलं गणित करताना "ही मोटार इथे कशाला आहे?" हा प्रश्न तुला पडला असता, तर पेपरात मोटार नाही हे पहिल्याच ओळीत खुपलं असतं. आणि असा प्रश्न पडतो कधी? अडून बसल्यावर. उत्तर लगेच उघडलं की तो पडतच नाही.

बघ, आलेच मी त्यावर.

ऑनलाइन मदत घेऊ नकोस असं माझं म्हणणं नाही, मुक्ता, खरंच नाही. मला तर तुमचा हेवा वाटतो. आम्ही अडलो की विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालयात जायचो. हवं ते पुस्तक कुणीतरी नेलेलं असायचं, मग ते परत येईपर्यंत गणित तसंच डोक्यात घेऊन हिंडायचं. राजारामपुरीतून चालत येताना एकदा मला अचानक एका इंटिग्रलची युक्ती सुचली होती आणि मी रस्त्यातच थांबून बसच्या तिकिटामागे ती लिहिली होती. तेव्हा विनू बरोबर होता, तो किती हसला होता. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम सगळ्या जगाला खुले करायचं जाहीर केलं, २००३ मध्ये आपल्या आयआयटी आणि आयआयएससीने एनपीटीईएल हे ऑनलाइन व्याख्यानांचं काम सुरू केलं. मी ते तासन् तास बघितलंय, तू पाळण्यात होतीस तेव्हासुद्धा. आणि परक्या देशातला कुणी अनोळखी माणूस तुझ्यासाठी आकृती काढून, चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवतो, एक पैसा न घेता! फिजिक्स स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या साइटवर आयतं उत्तर मागणारा गृहपाठाचा प्रश्न चालत नाही. आपला प्रयत्न दाखवावा लागतो, नेमकी कुठली कल्पना अडते ते लिहावं लागतं. मला हे फार आवडतं. तसं लिहायला बसलीस की निम्म्या वेळा प्रश्न पाठवायच्या आधीच चूक सापडेल.

मला धास्ती वाटते ती रात्री दोन वाजता एआयकडून घेतलेल्या गुळगुळीत दोन पानांची. त्यात मोटारीच्या कड्यालाही एकूण ऊर्जा कायम धरून टाकली असेल, तर ती चूक तुझ्या नजरेला दिसेल का? आधी स्वतः झगडली असशील तर दिसेल. नाहीतर सगळं पटत जातं आणि पेपरात हात कोरा.

डॉ. जयंत नारळीकर लहान असताना बनारसच्या घरी त्यांचे मोरूमामा फळ्यावर त्यांच्यासाठी एखादं आव्हानाचं गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत, किंवा भाच्याने हार मानेपर्यंत, तसंच फळ्यावर राहायचं. सातवीत तुला ही गोष्ट सांगितली तेव्हा तू स्वयंपाकघराच्या दारावर खडूने "मुक्तासाठी" असं लिहून घेतलं होतंस माझ्याकडून. आजी चिडली होती. तू मात्र जेवतानाही दाराकडे बघत होतीस. म्हणून विचारते, आता अडल्यावर किती वेळ थांबतेस? दहा मिनिटं तरी? आकृती काढतेस? एकके जुळवून बघतेस? की पोटात गोळा येतो आणि हात फोनकडे जातो?

चिडू नकोस. शाळेतल्या बाई पत्रात शिरल्या, माफ कर. वर्गात साठ मुलांपुढे बोलायची सवय लागते, आणि घरी समोर तू एकटीच असतेस.

विनूचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, वर येऊन गेलंच. त्याला न येणं सहन व्हायचं नाही. पहिल्या वर्षापर्यंत त्याला कधी काही अडलंच नव्हतं, आणि तिसऱ्या वर्षी अडलं तेव्हा त्याने कुणालाच सांगितलं नाही. तू तशी नाहीस. तू रडलीस तरी फोन करून रडलीस. तरी मी आई आहे, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघते, आणि रात्री झोप लागत नाही.

आणि मला ती अकरावीतली तूही आठवते. आजीचा वाचायचा चष्मा गच्चीत उन्हात धरून भिंतीवर ठिपका बारीक केलास, फूटपट्टीने ४० सेंटिमीटर मोजलंस आणि खाली येऊन म्हणालीस, "आजी, तुझा नंबर अडीच." दुकानातल्या चिठ्ठीवर तोच होता. तुला कुणी सांगितलं नव्हतं, भिंगांचा धडा वर्गात व्हायचा होता. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, तुला कधी बोलले नाही.

तर एवढंच कर. मोकळ्या कड्याचं गणित पुन्हा घे, कड्याचं वस्तुमान धरून. जिथे अडशील तिथपर्यंतचाच फोटो पाठव, खाडाखोड असली तरी चालेल. मी पुढची ओळ सांगणार नाही, फक्त एखादा प्रश्न विचारेन. आणि रात्री दोनपर्यंत जागू नकोस. तेव्हा सुटत नाही, सकाळी सुटतं. किती वेळ थांबलीस तेवढं फोटोखाली लिही. नाही, नकोच लिहूस. फोटो पाठव.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी एका जुन्या इंजिनाचा गव्हर्नर तुझ्यासाठी काढून ठेवलाय. शनिवारी मेतकुटाबरोबर आणतो म्हणत होते, वजन बघून मीच नको म्हटलं. दिवाळीत आलीस की खोलून दाखवतील.