आतल्या खोलीतल्या दिव्याबद्दल

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, आईला वाचून दाखवा, पण मधलं काही गाळू नका.

आतल्या खोलीतल्या दिव्याचं बटण बदलून तिथे डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, बसवून घ्या, एवढंच माझं मागणं आहे. कारण आईचं रात्रीचं उठणं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला एकदम लागलेला दिवा सोसत नाही. म्हणून ती दिवा लावतच नाही आणि भिंत चाचपत न्हाणीपर्यंत जाते. वाटेत सोलापूरच्या कसब्यातल्या आपल्या घराचा तो उंच उंबरा. आई, "घर पाठ आहे मला" हे तुझं खरंच आहे. पण वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीएवढी उघडत नाही आणि नजर सरावायलाही वेळ लागतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर सावरायला महिनोन्‌महिने लागतात. मला इथे पुण्यात रात्री जाग आली की हाच विचार येतो.

बाबा, तुम्ही म्हणालात की झिरोचा दिवा लावू. पण तो तुमच्या कामाचा नाही. 'संचार' पेपर वाचायला तुम्हाला भरपूर उजेड लागतो, आणि तो लागणारच, त्यात काटकसर करू नका. डिमर असला की संध्याकाळी तोच दिवा पूर्ण लावता येतो आणि झोपताना अगदी मंद करून रात्रभर ठेवता येतो. बिलाचा हिशेबही केला आहे. मंद केलेला दिवा दोन वॅट घेतो असं धरलं आणि रोज आठ तास चालला, तरी महिन्याला जेमतेम अर्धा युनिट होतो.

आता नीट ऐका, कारण गोंधळ इथेच होतो. आपला आत्ताचा नऊ वॅटचा एलईडी डिमरवर चालेलच असं नाही. आपल्याकडची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन पुन्हा चढते. डिमर दर वेळी थोडा वेळ प्रवाह अडवून मग सोडतो. जितका जास्त अडवेल तितका उजेड कमी. जुन्या तारेच्या बल्बला याने काही होत नसे, तार तापलेलीच राहायची. एलईडीच्या पोटात मात्र छोटं सर्किट असतं. ते या कापलेल्या विजेसाठी बनवलेलं नसेल तर दिवा फडफडतो, गुणगुणतो, नाहीतर मध्येच विझतो, आणि लवकर खराबही होतो. म्हणून खोक्यावर 'डिमेबल' छापलेलाच बल्ब घ्या. रंग पिवळसर हवा, 2700 किंवा 3000 केल्विनचा. पांढराशुभ्र उजेड आईला रात्री पुन्हा टोचेल.

डिमरसुद्धा एलईडीसाठीचा मागा. जुन्या पद्धतीच्या डिमरला निदान चाळीस-साठ वॅटचा भार लागतो, आपल्या एकट्या बल्बवर तो नीट चालायचा नाही. आणि दुकानदार म्हणाला की पंख्याचाच रेग्युलेटर लावा, तर सरळ नको म्हणा. तो पंख्यासाठी असतो. समोरच्या ट्यूबलाइटलाही डिमर जोडायचा नाही.

पलंगाशेजारी आणि दाराशी अशी त्या दिव्याला दोन बटणं आहेत, हे वायरमनला आधीच सांगा. टू-वे जोडणीत साधा डिमर चालत नाही, त्यासाठीचा वेगळा मिळतो. तो पलंगाशेजारी, आईच्या हाताला येईल असा हवा. दाराशी आहे ते बटण तसंच राहू दे.

बाबा, हे काम तुम्ही करायचं नाही. तुम्हाला येत नाही म्हणून नव्हे. मला टेस्टर धरायला तुम्हीच शिकवलंत. पण तो लाकडी बोर्ड फार जुना आहे, आतल्या वायरींचं आवरण कडक झालं असणार, हात लावला की तुकडे पडतात. जुन्या घरांत कधी कधी बटण फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरवर, नसून न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, जोडलेलं सापडतं. तसं असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये करंट राहतो. वायरमनला मेन बंद करून, टेस्टरने खात्री करूनच बोर्ड उघडायला सांगा आणि फेज बटणावर आहे ना, हे बघून घ्यायला सांगा. डिमर चालताना थोडा तापतो, तेव्हा वायरींच्या गर्दीत तो कोंबू देऊ नका. बोर्ड बदलावा लागला तर बदला. खर्च माझा, त्यावर वाद नको. तुम्ही स्टुलावर चढायचं नाही, बल्बही त्यालाच लावू दे.

गड्ड्याच्या यात्रेला मी येणारच आहे, पण तोवर थांबू नका. याच आठवड्यात वायरमनला बोलवा. त्याआधी दोन्ही बोर्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नुसते बाहेरून, झाकण न उघडता. फोटो बघून डिमर आणि बल्ब मी इथूनच ऑनलाइन मागवते, तुम्हाला नवी पेठेत हेलपाटा नको. आणि वायरमन आला की मला व्हिडिओ कॉल लावा, मला त्याच्याशी बोलायचं आहे.

तुमची लेक