शिवण कुठून उसवायची

प्रिय विन्या,

तुझी दोन पत्रं आली आणि माझ्याकडून ओळ गेली नाही. माफ कर. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. अंजूला नोकरी लागल्याचं वाचून फार आनंद झाला. पेढे बाकी आहेत, एवढं लिहून ठेव.

आज बसलो ते गूगलच्या जाहिरात-बाजाराच्या मक्तेदारी खटल्यातल्या निकालावर लिहायला, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? "गूगलचा हा धंदा तोडाच" हा तुझा हेका, "नियम लावा" हा माझा, आणि नाना मधे चहा ओतणार! बरंचसं तुझं बरोबर निघालं. पण कुठून तोडायचं, हे आपण कधी बोललोच नाही.

तुझ्या साइटवर बातमीचं पान उघडलं की जाहिरातीच्या जागेसाठी डोळ्याची पापणी लवायच्या आत लिलाव होतो. तुझ्या बाजूला अ‍ॅड सर्व्हर, म्हणजे कुठली जाहिरात दाखवायची ते ठरवणारी यंत्रणा; मधे अ‍ॅडएक्स हा बाजार, पलीकडे जाहिरातदारासाठी बोली लावणारं गूगल अ‍ॅड्स. तिन्ही गूगलच्याच घरातले. समज, हजार वेळा दिसायला ५० रुपयांची बोली आली, तर अ‍ॅडएक्सचे २० टक्के जाऊन तुझ्या हाती ४०. आडत बाजार समितीतही असते, तिचं एवढं नाही. खरी खोट पुढे आहे. बाकीच्या एक्स्चेंजच्या, म्हणजे अशाच दुसऱ्या बाजारांच्या, बोल्या तू हेडर बिडिंग नावाच्या युक्तीने आधी गोळा करायचास आणि त्यातली वरची, समज ३८ ची, सर्व्हरला द्यायचास. तोच आकडा अ‍ॅडएक्सला किमान भाव म्हणून कळायचा. ३८ वर एक पैसा टाकला की जागा त्यांची. बाकीची पाकिटं फोडून झाल्यावर एकट्याने आपलं पाकीट भरायचं, असा तो लिलाव. २०१९ साली ही सोय काढली, पण त्याच वर्षी अट आली की अ‍ॅडएक्सला इतरांपेक्षा चढा किमान भाव लावता येणार नाही. म्हणजे तुझ्या हातातलं एकुलतं हत्यारही गेलं.

मग सर्व्हर का बदलला नाहीस, म्हणून मी तुझ्यावर ओरडायचो. ते चुकलंच माझं. गूगल अ‍ॅड्सचे असंख्य जाहिरातदार अ‍ॅडएक्समधून यायचे आणि अ‍ॅडएक्सच्या त्या क्षणीच्या बोल्या हव्या तर सर्व्हर त्यांचाच लागायचा. हीच बांधाबांध व्हर्जिनियाच्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी १७ एप्रिल २०२५ ला बेकायदा ठरवली. सर्व्हर आणि एक्स्चेंज या दोन्हींत मक्तेदारी सिद्ध झाली, जाहिरातदारांच्या नेटवर्कबद्दलचा आरोप टिकला नाही. आणि शिवण तर उघड दिसते: हा सर्व्हर २००८ साली ३.१ अब्ज डॉलरला घेतलेल्या डबलक्लिकमधून आला, गूगलच्या पोटी जन्मलेला नाही.

तरी नुसत्या विक्रीची मला धास्ती वाटते. गूगल अ‍ॅड्सच्या बोल्या नव्या मालकाकडे आल्या नाहीत, तर त्याच्या हाती रिकामी मंडई. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी अ‍ॅडएक्सच्या बोल्या दुसऱ्या सर्व्हरना खुल्या करायच्या, मग शेवटचा विजेता ठरवणारा कोड सगळ्यांना वाचता येईल असा ठेवायचा, आणि अ‍ॅडएक्स विकायचं. अमेरिकी न्याय खात्याची मागणी साधारण अशीच होती. बोल्या खुल्या करतो, किमान भावाची अट काढतो, पण विकत नाही, असं गूगलचं म्हणणं. कोड आतच राहिला तर पाकीट कोण कधी फोडतो हे बाहेरून कळणार कसं?

नानांचा एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीचा दाखला आठवतो ना? १ जानेवारी १९८४ ला तिच्यातून सात स्थानिक कंपन्या निघाल्या, आणि २००५ साली त्यांतल्याच एसबीसीने आईला विकत घेऊन तिचंच नाव लावलं. तोडल्यावर पहारा नसेल तर असं होतं.

कोर्ट विकायला लावतं की नाही, याची वाट बघत बसू नकोस. लाइन आयटम (एकेका जाहिरातीच्या नोंदी), किमान भाव, की-व्हॅल्यू (जाहिरात कुठे, कुणाला दाखवायची त्या खुणा) आणि गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट आत्ताच उतरवून घे, कारण नव्या सर्व्हरला जुना इतिहास नसतो आणि पुढच्या महिन्याचा अंदाज सपशेल चुकतो. दुसरा सर्व्हर आधी एकाच जागेवर लाव, तळाच्या पट्टीवर. दोन्ही सर्व्हरचे टॅग (जाहिरात मागवणारे कोडचे तुकडे) एकाच जागेवर राहिले तर मोजणी दुप्पट होते, ते तपास. आकड्यांत थोडा फरक पडणारच, दोघे मोजतात वेगळ्या क्षणी, पण तो रोज वाढत गेला तर थांब.

किमान भावांचा तक्ता रविवारपर्यंत पाठव, मी ओळ न् ओळ बघतो. वहिनींना नमस्कार, आईंचं ऑपरेशन कधी आहे ते कळव.

तुझा,
दिगू