अपघातग्रस्त म्हणून विकलेली गाडी पाण्यात बुडालेली निघाल्याबद्दल तक्रार

सांगली
14 ऑक्टोबर 2024

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
वाहन लिलाव विभाग, पुणे

विषय: 9 ऑगस्ट 2024 च्या ऑनलाइन लिलावात घेतलेल्या गाडीत पाणी शिरल्याची माहिती न दिल्याबाबत

महोदय,

आपल्या लिलावात मी मारुतीची 2019 ची छोटी पेट्रोल गाडी 2,10,000 रुपयांच्या बोलीला घेतली. त्यावर आपले शुल्क आणि जीएसटी मिळून 12,390 रुपये भरले. गाडी लोडरवर घालून सांगलीला आणायला 9,500 रुपये लागले. कागदपत्रांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आरसी, बँकेचा बोजा उतरल्याचे पत्र, 29 आणि 30 नंबरचे फॉर्म सगळे वेळेत मिळाले आणि नाव लावण्याचा अर्ज मी सांगली आरटीओत दिलेला आहे. तक्रार गाडीबद्दल आहे, आणि त्याहून जास्त आपल्या वर्णनपत्राबद्दल आहे.

वर्णनपत्रात लिहिले होते: पुढून डावीकडे धडक, एअरबॅग उघडलेल्या नाहीत, आतील भाग चांगला. पाण्याचा उल्लेख कुठेही नव्हता. सोबतच्या चौदा फोटोंवर 3 जून 2024 ही तारीख आहे.

दुरुस्तीचा अंदाज विम्याच्या रकमेच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती न परवडणारी, धरते, हे मला बोली लावण्याआधीच माहीत होते. मोडलेली गाडी घेतोय हे समजूनच घेतली. माझे कुपवाड रस्त्याला मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे, शेजारीच ओळखीच्या मिस्त्रींचे गॅरेज आहे. बॉनेट, बंपर, हेडलाइट, रेडिएटर, कंडेन्सर, डावा अ‍ॅप्रन (चाकावरचा आतला पत्रा) असा 1,25,000 रुपयांचा हिशोब आम्ही दोघांनी बसून काढला होता. गाडी विकायला घेतलेली नाही. घरात आई, बायको आणि दोन मुले आहेत, त्यांच्यासाठी घेतली. नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून हा मार्ग धरला.

धडकेचे काम ठरल्याप्रमाणे झाले. अ‍ॅप्रन मशीनवर ओढून घेतला, इंजिनखोलीची कर्णाची मापे दोन्ही बाजूंनी जुळली, चासीचा मूळ पाय सरळ निघाला. त्या बाबतीत आपले वर्णन खरे होते, ते मी मान्य करतो.

12 सप्टेंबरला डाव्या बाजूला वेल्डिंग करायचे होते. आत ठिणगी जाऊ नये म्हणून मिस्त्रींनी पुढच्या सीटा सोडवल्या आणि कार्पेट उचलले. कार्पेटच्या खालचा फोम ओला नव्हता, पण हाताला जड लागला. उलटा केला तर तळाला बोटभर जाडीचा तांबूस गाळ वाळून बसलेला. पापडासारख्या भेगा पडलेल्या. महोदय, मी सांगलीच्या गावभागातला माणूस आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले तेव्हा आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस मी खराट्याने गाळच काढत होतो. तो वास आणि ती माती मला अंधारातही ओळखू येईल. आमचा गाळ काळा आणि चिकट असतो, हा तांबूस होता. म्हणजे गाडी सांगलीत आल्यावर पाणी शिरले असे कोणी म्हणायला नको.

मग आम्ही एकेक सोडवत गेलो. ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर खांबात गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग. सीटच्या रुळांना गंज. मधला कन्सोल काढला. त्याच्याखाली, गाडीच्या तळाच्या उंचवट्यावर, एअरबॅगचा कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणारा डबा, असतो. त्याचा पिवळा कनेक्टर सोडवला आणि टॉर्च लावून आत पाहिले. पिना हिरव्या पडलेल्या होत्या आणि कनेक्टरच्या आत खालच्या कडेला गाळाची बारीक रेघ होती.

आणि ड्रायव्हर सीटच्या खाली, मागच्या बाजूला, लहान मुलीची गुलाबी चप्पल सापडली. एकच. तिच्यात गाळ भरून घट्ट वाळलेला होता.

ही चप्पल आपल्या 3 जूनच्या नवव्या फोटोत आहे. मागच्या दारातून घेतलेला तो फोटो आहे. चप्पल स्वच्छ आहे, तिच्यावरचे फूल स्पष्ट दिसते आणि खाली बदामी रंगाची मॅट आहे. म्हणजे 3 जूनला गाडी कोरडी होती आणि मला मिळाली तेव्हा ती बुडून निघालेली होती. मधल्या काळात गाडी आपल्याच आवारात उभी होती. बदामी मॅट मात्र गाडीबरोबर आल्या नाहीत. चारही गायब आहेत. त्या कोणी काढल्या आणि का काढल्या, याचे उत्तर मला हवे आहे.

25 जुलैला पुण्यात काय पाऊस झाला ते सर्वांना माहीत आहे. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या वस्त्यांत शिरले. आपले आवार त्या भागात नाही, पण आवारामागून ओढा जातो. ज्यांच्या लोडरवर मी गाडी आणली, ते चालक जुलैअखेरीस दुसरी गाडी न्यायला तिथे आले होते. फाटकात पाणी असल्यामुळे त्यांना परत पाठवले होते. हे त्यांनी मला नंतर सांगितले आणि लिहून द्यायलाही ते तयार आहेत.

आपल्या हेल्पलाइनवर मला दोनदा एकच उत्तर मिळाले: गाडी ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर विकली, पाहणी खुली होती, सॅल्व्हेज (मोडीतली गाडी) म्हणजे सॅल्व्हेज. पाहणीचे काय झाले ते सांगतो. शनिवारी, 3 ऑगस्टला, मी दुकान बंद ठेवून पहाटेच्या एसटीने पुण्याला आलो. गाडी रांगेत मध्ये दाबून उभी होती. किल्ली साहेबांकडे आहे आणि साहेब सुट्टीवर आहेत, बाहेरून बघा, असे आपल्या माणसाने सांगितले. काचेवर हात धरून आत जेवढे दिसले तेवढे पाहिले. बॉनेट घडी झालेले होते, उघडणे शक्यच नव्हते. आवारात सगळीकडे ताजा मुरूम टाकलेला होता. पावसाळ्यात चिखल होतो म्हणून टाकला असेल, असे तेव्हा मला वाटले. त्याच वेळी शंका यायला हवी होती. पण ज्यांना सगळे माहीत होते त्यांनी सांगणे आधी, मला शंका येणे नंतर.

‘जशी आहे’ हे कोणत्या दिवसाचे? 3 जूनचे असेल तर ती गाडी मला मिळालेली नाही. 9 ऑगस्टचे असेल तर वर्णन आणि फोटो त्या दिवसाच्या गाडीचे नव्हते. वस्तुविक्री कायदा 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मध्ये आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी मानली आहे. आपण माझ्याकडून बोलीवर वेगळे शुल्क घेतले आहे, तेव्हा सेवा दिली नाही असे आपल्याला म्हणता येणार नाही.

यात पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती आपल्या कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

धडकेचा मार डोळ्यांना दिसतो. लोखंड कुठे वाकले ते कळते, ओढता येते, माप घेता येते, नाहीच जमले तर पार्ट बदलता येतो. पाण्याचे तसे नाही. महापुरानंतर माझ्या दुकानात शेतकऱ्यांच्या बुडालेल्या पंपांच्या मोटरींची रांग लागली होती. काहीजण घाईत होते. उन्हात वाळवून चालू करून घेतो म्हणाले आणि घेऊन गेले. मोटरी चालल्याही. दिवाळीनंतर त्यातल्याच मोटरी जळून परत आल्या. तांब्यात आणि जोडांत राहिलेली ओल लगेच काही करत नाही. ती आपल्या वेळेने काम करते.

मिस्त्रींनी मला सरळ सांगितले की बरेच लोक मॉड्यूल ड्रायरने वाळवतात, कनेक्टरमध्ये स्प्रे मारतात, आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझला की गाडी रस्त्यावर आणतात. आमच्या गाडीचा दिवाही कनेक्टर साफ केल्यावर विझला. तरी मी काम थांबवले. मोटर मी मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावून तपासू शकतो, लोड देऊन तासभर चालवून पाहू शकतो. एअरबॅग तशी चालवून बघता येत नाही. ती उघडते की नाही हे धडक झाल्यावरच कळणार, आणि त्या वेळी पुढच्या सीटवर माझी बायको असेल. एअरबॅग न मागता वाटेत कुठेही उघडू शकते ही भीतीही आहेच.

अधिकृत सर्व्हिस सेंटरने एअरबॅग मॉड्यूल, दोन्ही पुढचे सीट बेल्ट, तळाचे वायरिंग, कार्पेट आणि सीटा बदलण्याचा 1,07,000 रुपयांचा अंदाज लेखी दिला आहे. हा खर्च धडकेच्या 1,25,000 रुपयांव्यतिरिक्त आहे. एवढा खर्च असणार हे आधी कळले असते तर मी या गाडीवर बोलीच लावली नसती.

माझे म्हणणे असे की आपण गाडी परत घ्यावी आणि बोली, शुल्क, वाहतूक व आजवर दुरुस्तीत गेलेले 58,600 धरून 2,90,490 रुपये परत करावेत. आरटीओचा फेरखर्च आपला राहील. ते शक्य नसेल तर 1,07,000 रुपये द्यावेत, मी काम पूर्ण करून घेईन. दोन्हींपैकी काहीही करा, पण आवारातील जून ते ऑगस्टच्या नोंदी मला दाखवा.

दुसरी मागणी माझ्यासाठी नाही. त्या दिवशी माझ्या गाडीच्या रांगेत निदान वीस गाड्या उभ्या होत्या. त्याही विकल्या गेल्या असतील आणि कोणत्या तरी गॅरेजमध्ये त्यांचे डेंटिंग-पेंटिंग चालू असेल. घेणाऱ्या प्रत्येकाचा फोन नंबर आपल्याकडे आहे. कार्पेट उचला, कन्सोलखालचा मॉड्यूल तपासा, एवढे त्यांना आजच कळवा. त्याला माझ्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका.

18 सप्टेंबरच्या माझ्या ईमेलला उत्तर आलेले नाही. हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. ते मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. मी राहतो तिथल्या आयोगात जाण्याची सोय कायद्यात आहे.

आपला सर्व्हेअर पाठवायचा असेल तर अवश्य पाठवा, गाडी गॅरेजमध्येच उभी आहे. सोडवलेला मॉड्यूल, कार्पेटचा तुकडा आणि ती चप्पल मी मिस्त्रींच्या व दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन पिशवीत बंद करून ठेवली आहे. चपलेतली माती तशीच आहे, झाडलेली नाही.

आपला,
लिलावातील खरेदीदार
गावभाग, सांगली